खांब आणि पट्टा

मंगळवारीं आणि शुक्रवारीं संध्याकाळीं मला वसईंतल्या एका सभागृहाच्या ओट्यावर बसलेला पाहून ओळखीचे लोक थबकतात. "काय मास्तर, येथें कोणाची वाट पाहतां?" असें विचारतात. मी उत्तर देण्यापूर्वींच आंतून वीस-पंचवीस मुलांची एकदम आरोळी उठते, आणि ती आरोळी कानाला इतकी अपरिचित असते, कीं विचारणारा दचकतो. माझी नात त्या आरोळी ठोकणाऱ्यांपैकीं एक आहे. ती बारा वर्षांची आहे, तिच्या कमरेला पांढरा पट्टा आहे, त्या पट्ट्याच्या टोंकाला एक अरुंद पिवळी पट्टी आहे, आणि ती तायक्वांदो नांवाची कोरियन विद्या शिकते. तिला नेणें आणि परत आणणें हें माझ्या निवृत्त आयुष्यांतलें सध्यांचें एकमेव नियमित काम होय.

हें काम मीं आनंदानें पत्करलें, असें मात्र म्हणवत नाहीं. आरंभीं मला त्या सगळ्याच प्रकाराचा राग येई. वर्ग सुरू झाला, कीं तिचे सर 'चारयॉत' म्हणतात. मुलें टांचा जुळवून ताठ उभीं राहतात. 'क्योंग-ये' म्हटलें, कीं कमरेंत वांकून नमस्कार करतात. एक-दोन-तीन मोजायचें, तेंहि 'हाना, दूल, सेत'! ज्या गांवाच्या तटावर चिमाजीअप्पांच्या फौजेनें १७३९ च्या मे महिन्यांत निशाण चढविलें, त्या गांवच्या मुलांना 'सावधान' हा शब्द सातासमुद्रांपलीकडच्या भाषेंत ऐकावा लागावा, ह्याचें मला वैषम्य वाटे. एकदां न राहवून मीं मुलाला विचारलें, "आपल्याकडे काय विद्यांचा दुष्काळ पडला होता?" तो शांतपणें म्हणाला, "बाबा, आपल्या आळीच्या आसपास दुसरें काय आहे तें सांगा. तेथें घालतों तिला." ह्यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. उत्तर नव्हतें, म्हणून राग अधिकच वाढला.

कोरिया ह्या देशाविषयीं माझें ज्ञान तोंवर फार थोडें होतें. माझा जन्म १९५३ सालचा. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत कोरियांतलें युद्ध थांबलें, आणि मायदेशीं परत जाण्यास तयार नसलेल्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांची राखण करण्यासाठीं भारतानें आपली फौज तिकडे पाठविली. त्या फौजेचे प्रमुख मेजर जनरल थोरात हे आपल्या कोल्हापूरकडचे. माझ्या वडिलांना ह्या गोष्टीचा फार अभिमान. "लढाई दुसऱ्यांनीं केली, आणि कैदी सांभाळण्याची जोखीम आपल्या मराठी माणसाच्या हातीं दिली," असें ते सांगत. लहानपणीं मला त्यांत एकच कोडें पडे: सुटका झाल्यावर घरीं जायला नको म्हणणारा माणूस कसा असेल? वडिलांना विचारलें, तर ते म्हणत, "घराचे दोन तुकडे झाले, म्हणजे कोणत्या तुकड्याला घर म्हणायचें, हें सांगणें कठीण असतें."

हें वाक्य मला पन्नास-साठ वर्षांनीं पुन्हां आठवलें, तें नातीच्या वहीमुळें.

झालें असें, कीं तिची पट्टा बदलण्याची परीक्षा जवळ आली. ह्या परीक्षेंत नुसते हातपाय हालवून भागत नाहीं. तोंडी प्रश्नहि विचारतात. पांढरा पट्टा म्हणजे ज्याला कांहीं येत नाहीं असा कोरा विद्यार्थी; पिवळा म्हणजे जींत बीज मूळ धरतें ती माती; हिरवा म्हणजे वाढणारें रोप; निळा म्हणजे तें ज्याच्याकडे वाढतें तें आकाश; तांबडा म्हणजे धोक्याची सूचना; आणि काळा म्हणजे पांढऱ्याच्या अगदीं उलट, पक्व झालेला. हें सारें तिला पाठ होतें. परंतु ह्या विद्येच्या संस्थापकाचें चरित्र तिच्या वहींत इंग्रजींत उतरून दिलेलें होतें, आणि तें तिला नीट उमगेना. "आजोबा, तुम्ही मास्तर होतां ना? मला हें मराठींत समजावून द्या," असें म्हणून तिनें वही माझ्या मांडीवर ठेवली. मास्तरकी ही एक अशी खोड आहे, कीं ती निवृत्तीनें जात नाहीं. मीं वही उघडली. तेवढ्यानें भागेना, तेव्हां आणखी वाचन केलें. आणि पाहतां पाहतां त्या माणसाच्या आयुष्यांत गुंतून गेलों.

चोई हाँग-ही हें त्यांचें नांव. ९ नोव्हेंबर १९१८ रोजीं कोरियाच्या उत्तर भागांतल्या म्यॉंगचॉन जिल्ह्यांत त्यांचा जन्म झाला. १९१० पासून कोरिया जपानच्या ताब्यांत होता. मूल अशक्त, सदां आजारी. वडिलांनीं त्याला सुलेखन शिकविण्यासाठीं हान इल-दाँग नांवाच्या गुरूकडे पाठविलें. गुरूला ह्या किरकोळ मुलाच्या प्रकृतीची काळजी वाटली, आणि कुंचल्याबरोबरच त्यानें त्याला पायांनीं लढण्याच्या एका जुन्या कोरियन खेळाची, टेक्योनची, तोंडओळख करून दिली, असें चोई पुढें सांगत. १९३७ सालीं ते शिक्षणासाठीं जपानांत क्योतो येथें गेले. तेथें एका देशबांधवाकडून ते कराटे शिकले, आणि कांहीं वर्षांत त्यांत काळा पट्टा मिळवून बसले.

मग दुसरें महायुद्ध आलें. राज्यकर्त्यांनीं कोरियन तरुणांना सक्तीनें आपल्या सैन्यांत ओढलें. त्यांत चोईहि सांपडले. त्यांची रवानगी प्याँगयांगला झाली. तेथून निसटून स्वातंत्र्याच्या चळवळीला मिळण्याचा कट केल्याच्या आरोपावरून त्यांना तुरुंगांत टाकण्यांत आलें. कोठडींत अंग आंखडूं नये म्हणून ते एकटेच हातपाय फेंकीत. पुढें बरोबरचे कैदीहि त्यांचें पाहून तसें करूं लागले. १५ ऑगस्ट १९४५ ह्या दिवशीं जपाननें शरणागति पत्करली आणि कोरिया मोकळा झाला. आपला आणि त्यांचा स्वातंत्र्याचा दिवस एकच, फक्त सालांत दोन वर्षांचें अंतर, हें वाचून माझ्या मनांतली अढी थोडी सैल झाली.

स्वतंत्र कोरियाचे लगेच दोन भाग पडले. चोईंचें जन्मगांव उत्तरेंत राहिलें, आणि ते स्वतः दक्षिणेंत १९४६ सालीं नव्या सैन्यांत अधिकारी झाले. सैनिकांना ते आपली विद्या शिकवूं लागले. १९५४ सालीं राष्ट्राध्यक्ष सिंगमन री ह्यांच्यासमोर ह्या विद्येचें प्रात्यक्षिक झालें. चोईंचा शिष्य नाम ते-ही ह्यानें एका ठोशांत तेरा कौलें फोडलीं. वृद्ध अध्यक्ष प्रसन्न झाले आणि म्हणाले, कीं हें तर आपलें टेक्योन! वस्तुतः त्यांत टेक्योन किती आणि कराटे किती, हा प्रश्नच होता. पण देशाच्या प्रमुखानें तिला आपली म्हटल्यावर तिला आपलें नांव हवें. ११ एप्रिल १९५५ रोजीं भरलेल्या मंडळींत चोईंनीं सुचविलेलें 'तायक्वांदो' हें नांव ठरलें. 'ताय' म्हणजे पाय, 'क्वान' म्हणजे मूठ, आणि 'दो' म्हणजे मार्ग.

येथवर वाचून झाल्यावर मला, खरें सांगायचें तर, आसुरी आनंद झाला. पाहा! हिची पाळेंमुळें खोदलीं तर निघालें काय? जपानी माती! ज्यांनीं ह्यांना गुलाम केलें, त्यांच्याच घरीं ही विद्या शिकून घेतली, आणि वर नांव बदलून मिरविली. ही उसनी विद्या माझ्या नातीला कोणत्या तोंडानें शिकवितात? दुसऱ्या दिवशीं मीं हें मोठ्या आवेशानें मुलाला ऐकविलें. तो केळ्यांचा घड उतरवीत होता. घडावरची नजर न काढतां तो म्हणाला, "बाबा, भीमाशंकरच्या देवळांतली घांट कोठली?"

वसईंतल्या माणसाला हा प्रश्न विचारणें म्हणजे त्याला निरुत्तर करणेंच होय. १५३४ च्या तहानें पोर्तुगीजांनीं वसई गुजरातच्या बहादुरशहाकडून घेतली आणि दोनशें वर्षें उपभोगली. मराठ्यांनीं ती जिंकल्यावर येथल्या चर्चमधल्या घांटा विजयचिन्हें म्हणून नेल्या, आणि भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत टांगल्या. त्या घांटा आजहि तेथें आहेत. त्या वाजवितांना कोणी भाविक विचारीत नाहीं, कीं हिचें ओतकाम कोठलें. घांट ज्याच्या दारीं वाजते त्याची होते. आणि ज्या जपानी कराटेबद्दल मी एवढा तावातावानें बोलत होतों, तें तरी जपानचें कोठें? तें ओकिनावा बेटांतून आलेलें; त्याच्या नांवाचा जुना अर्थ 'चिनी हात' असा होता, आणि जपान्यांनीं १९३० नंतरच्या दशकांत अक्षर बदलून तो 'रिकामा हात' असा करून घेतला. म्हणजे चिन्यांपासून ओकिनावानें घेतलें, ओकिनावापासून जपाननें, जपानपासून कोरियानें, आणि आतां कोरियापासून वसईच्या एका सभागृहानें. ह्या रांगेंत चोर कोणाला म्हणायचें?

तेव्हां मला आपले बाळंभटदादा देवधर आठवले. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दींत निजामाच्या मुलखांतून अली आणि गुलाब असे दोन नामांकित पहिलवान पुण्यास आले आणि त्यांनीं दरबारांत जोड मागितली. कोणी पुढें होईना. तेव्हां बाळंभटदादा ह्या तरुण ब्राह्मणानें आव्हान स्वीकारलें आणि तयारीसाठीं मुदत मागून घेतली. ते वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर गेले. तेथें त्यांना दृष्टांत झाला आणि साक्षात् मारुतीनें लांकडाच्या खांबावर डाव करून दाखविले, अशी आख्यायिका आहे. परत येऊन त्यांनीं अलीला चीत केलें; तें पाहून गुलाबानें अंग काढून घेतलें. खांबावर पायांची अढी घालून, अंग पिळून, पुन्हां सुटण्याची ही जी युक्ति, तीच आपल्या मल्लखांबाची विद्या. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकांतल्या 'मानसोल्लास' ग्रंथांतहि मल्लांच्या खांबावरील मेहनतीचा उल्लेख सांगतात. कोरियन लोक आपल्या विद्येचा संबंध जसा प्राचीन सिल्ला राज्याच्या ह्वारांग वीरांशीं जोडतात, तसेंच हें. कोणतीहि विद्या मोठी झाली, कीं तिला आपल्या आजोबांचा शोध घ्यावासा वाटतो. तो शोध सर्वस्वीं खोटा नसतो. पण विद्या जगते ती आजोबांच्या वयावर नव्हे.

बाळंभटदादांचें पुढें काय झालें? पेशवाई १८१८ सालीं बुडाली. ज्या दरबारानें त्यांची पाठ थोपटली होती, तो दरबारच उरला नाहीं. दादांनीं काशीस आखाडा घातला, शिष्य तयार केले, आणि त्या शिष्यांनीं व त्यांच्या शिष्यांनीं तो खांब गांवोगांव रोंवला. पुणें सुटलें, पण खांब सुटला नाहीं.

चोईंचें पुढलें आयुष्यहि असेंच घराबाहेरचें आहे. फक्त त्याचा शेवट अधिक कडू आहे. १९६२ सालीं ते राजदूत म्हणून मलायांत गेले आणि तेथेंहि त्यांनीं शाळा काढल्या. २२ मार्च १९६६ रोजीं नऊ देशांची संस्था एकत्र करून त्यांनीं सोल येथें आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ स्थापिला. पण दक्षिण कोरियाच्या लष्करी राजवटीशीं त्यांचें पटेना. १९७२ सालीं ते देश सोडून कॅनडांत गेले आणि महासंघाचें ठाणेंहि बरोबर घेऊन गेले. लगेच पुढच्या वर्षीं सोलमध्यें सरकारच्या आश्रयानें दुसरा महासंघ निघाला. १९८८ सालीं सोलच्या ऑलिंपिकमध्यें जें प्रात्यक्षिक म्हणून दाखविलें गेलें, आणि २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकमध्यें ज्याला पदकें मिळूं लागलीं, तें ह्या दुसऱ्या महासंघाचें तायक्वांदो. ज्यानें नांव ठेवलें, त्यालाच बारशाचें आमंत्रण नाहीं, अशी ही अवस्था!

ह्या एकाकी काळांत चोईंनीं दोन गोष्टी केल्या. एक गोष्ट मला फार आवडली आणि दुसरी मुळींच आवडली नाहीं. नातीला मात्र मीं दोन्ही सांगितल्या.

आवडली ती ही. त्यांनीं आपली सारी विद्या पंधरा खंडांच्या कोशांत लिहून काढली. आपल्याकडे बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार ह्यांनीं १९३६ पासून दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' मराठींत काढला, त्याच जातीचें हें काम. त्यांत एकामागून एक करावयाच्या हालचालींचे चोवीस ठराविक क्रम आहेत. चोवीस कां? दिवसाचे तास चोवीस म्हणून. अनंत काळापुढें माणसाचें शंभर वर्षांचें आयुष्य म्हणजे एक दिवस. तेव्हां त्या एका दिवसांत मागें कांहीं चांगलें ठेवून जावें, असा त्यांचा भाव. पहिल्या क्रमाचें नांव 'चॉन-जी', म्हणजे आकाश आणि पृथ्वी. त्यांत एकोणीस हालचाली. पुढच्या बहुतेक क्रमांना कोरियाच्या इतिहासांतल्या थोर पुरुषांचीं नांवें. त्यांतला 'जूंग-गुन' हा बत्तीस हालचालींचा. आन जूंग-गुन ह्या देशभक्तानें १९०९ सालीं हार्बिनच्या स्थानकावर जपानी मुत्सद्दी इतो हिरोबुमि ह्याला गोळी घातली, आणि १९१० सालीं त्याला फांशीं दिलें; तेव्हां कोरियन गणनेप्रमाणें त्याचें वय बत्तीस होतें. एका मुलानें फांशीं गेलेल्या माणसाचें वय आपल्या हातापायांनीं मोजायचें, ही कल्पना वाचून मी स्तब्ध झालों. आम्ही चापेकरांचे पुतळे उभारले; पण दामोदरपंतांचें वय आमच्या किती मुलांच्या अंगांत भिनलें आहे?

न आवडलेली गोष्ट अशी. त्या चोवीस क्रमांत 'को-दांग' नांवाचा एक क्रम होता. को-दांग हें चो मान-सिक ह्या गांधीवृत्तीच्या उत्तरेंतील राष्ट्रीय पुढाऱ्याचें टोपणनांव. १९४५ नंतर नव्या सत्ताधाऱ्यांनीं त्यांना स्थानबद्ध केलें. १९८० सालीं चोई आपला संघ घेऊन उत्तर कोरियांत गेले. जन्मभूमीचा तोच एक दरवाजा त्यांना उघडा होता. पुढें कांहीं वर्षांनीं त्यांनीं को-दांगचा क्रम काढून टाकला आणि त्या जागीं 'जुचे' हा क्रम बसविला. जुचे हें उत्तर कोरियाच्या हुकूमशहाच्या तत्त्वज्ञानाचें नांव. घरीं जाण्यासाठीं त्यांनीं दारावर दिलेलें हें मोल होतें, असेंच मला वाटतें. १५ जून २००२ रोजीं ते प्याँगयांगलाच वारले. एके काळीं ज्या शहरांत ते कैदी होते, त्याच शहरांत. त्यांच्यामागें महासंघाचे तीन तुकडे झाले.

"मग ते चांगले होते कीं वाईट?" नातीनें विचारलें. मीं म्हटलें, "ते घरीं जाऊं पाहत होते." हें उत्तर तिला पुरेसें वाटलें नाहीं, हें तिच्या चेहऱ्यावर दिसलें. मलाहि तें पुरेसें वाटत नव्हतें. पण वडिलांचें तें जुनें वाक्य मला त्या क्षणीं पहिल्यानेंच खरोखर कळलें.

आणि मग तिनें तो प्रश्न विचारला. "आजोबा, तुम्ही लहानपणीं मल्लखांब करत होतां ना? मग तुम्ही मला कां नाहीं शिकवलात?"

आतां सांगितलेंच पाहिजे. माझ्या लहानपणीं आमच्या आळींत एक तालीम होती. तालीम म्हणजे कौलारू छपराची एक खोली, लाल मातीचा हौदा, कोनाड्यांत शेंदूर लावलेला मारुति, आणि मध्यभागीं सागवानी मल्लखांब. खालीं जाड, वर निमुळता होत गेलेला, मग मान, आणि मानेवर लांकडी बोंड. एका प्राथमिक शाळेंतले शिक्षक आम्हांला शिकवीत. एक पैसा घेत नसत; उलट एरंडेलाची बाटली स्वतःच्या पगारांतून आणीत. पहाटे पांच वाजतां आम्ही पोरें खांबाला एरंडेल चोळीत असूं. त्या वासानें मला अजूनहि पहाट झाल्यासारखें वाटतें. साध्या उडीपासून आरंभ करून दसरंग, बगली, सुईदोरा येथपर्यंत मी पोहोंचलों. मास्तर सहसा कोणाची स्तुति करीत नसत. एकदां मात्र मी ताजवा धरून उतरलों, तेव्हां ते म्हणाले, "माझ्यामागें हा खांब तुला सांभाळायचा आहे."

मी अठराव्या वर्षीं कॉलेजसाठीं मुंबईस जाऊं लागलों, मग नोकरीसाठीं. पहाटेची तालीम गेली आणि पहाटेची विरार लोकल आली. मास्तर वाटेंत भेटत, कांहीं बोलत नसत. नुसते माझ्या दंडाला हात लावून पाहत आणि पुढें जात. पुढें मी ते येतांना दिसले, कीं गल्ली बदलूं लागलों. ते वारले तेव्हां मी घाटावर बदलीच्या गांवीं होतों. वर्षभरानें परत आलों, तों तालमीच्या जागीं इमारतीचा पाया खणलेला होता. खांबाचें काय झालें, हें मीं कोणाला विचारलें नाहीं. विचारलें असतें, तर उत्तर मिळालें असतें, आणि मग कांहीं तरी करावें लागलें असतें.

म्हणजे आमच्या आळींतली देशी विद्या कोणा कोरियन जनरलानें मारली नव्हती. तायक्वांदोचा वर्ग सुरू होण्यापूर्वीं कित्येक वर्षें ती जागा रिकामी पडली होती, आणि ती रिकामी करणाऱ्यांत मी पहिला होतों. अन्यत्र लोकांनीं खांब सोडला नाहीं. २०१९ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि परदेशांतलीं मुलें येऊन खांबावर चढलीं. ज्या उदय देशपांड्यांनीं त्यासाठीं आयुष्य घालविलें, त्यांना २०२४ सालीं पद्मश्री मिळाली. त्या मुलांच्या आजोबांपैकीं एखादा असाच ओट्यावर बसून म्हणत असेल, कीं आमच्या देशांत काय विद्यांचा दुष्काळ पडला होता!

नातीला मीं हें सर्व सांगितलें नाहीं, निम्में सांगितलें. पण तिनें वहींत पाहून विचारावें तसें विचारलें, "मग तो खांब आतां कोठें आहे?" आणि हा प्रश्न मीं पन्नास वर्षें टाळला होता तरी त्याचें उत्तर शोधायला मला अवघे दोन दिवस लागले. जुन्या तालमींतला एक सोबती भेटला. त्यानें हात धरून मला एका वाडींत नेलें. केळ्यांचे घड ठेवण्याच्या छपराला मध्यें टेकू म्हणून तो खांब उभा होता. बोंड उडून गेलें होतें, अंगावर खिळे ठोकून दोऱ्या बांधल्या होत्या. मीं मानेच्या खांचेवरून हात फिरविला, तेव्हां संशय उरला नाहीं. वाडीच्या मालकाला मीं भीत भीत विचारलें. तो हंसून म्हणाला, "न्या कीं काका. पण माझ्या छपराला दुसरा टेकू द्या अगोदर."

मीं त्याला लोखंडी नळ दिला, आणि टेंपोंत घालून खांब घरीं आणला. बुंध्याकडचा दीड-दोन फुटांचा भाग वाळवीनें खाल्ला होता. तो कापावा लागला. मुलानें परसांत खड्डा खणून खांब रोंवला, तेव्हां जमिनीवर जेमतेम पांच-साडेपांच फूट उरला. मास्तरांनीं तो पाहिला असता, तर "हा खांब आहे कीं खुंटा?" असें विचारलें असतें. पण लहान मुलीची पहिली अढी बसायला तेवढी उंची पुरते.

परीक्षा त्याच आठवड्यांत झाली. ओट्यावर न बसतां मी त्या दिवशीं आंत जाऊन बसलों. नातीनें 'चॉन-जी'च्या एकोणीस हालचाली केल्या. प्रत्येक हालचालीबरोबर मी मनांत आंकडा मोजीत होतों, आणि मोजतां मोजतां 'हाना, दूल, सेत' केव्हां म्हणूं लागलों, तें कळलें नाहीं. परीक्षकांनीं संस्थापकाचें नांव विचारलें. तिनें तें, जन्मगांवासकट, न अडखळतां सांगितलें. तिला पिवळा पट्टा मिळाला.

रविवारीं सकाळीं एरंडेलाची बाटली घेऊन आम्ही दोघें परसांत गेलों. खांबाला तेल कसें चोळायचें, तें मीं तिला दाखविलें. खांबावर हात ठेवण्यापूर्वीं त्याला नमस्कार करायचा असतो, असें सांगितलें. मी हात जोडून उभा राहिलों. तिनें मात्र संवयीनें टांचा जुळविल्या, हात अंगाला लावले, आणि कमरेंत वांकून खांबाला कोरियन पद्धतीनें प्रणाम केला. तें दुरुस्त करावें असें मास्तरकीच्या संवयीनें माझ्या तोंडाशीं आलें होतें. पण मी कांहीं बोललों नाहीं. तेलकट हात धोतराला पुसले, आणि पहिली अढी कशी घालायची, तें सांगायला सुरुवात केली.